विंडोज, मॅक आणि लिनक्स: तिघांनी मिळून व्हिडिओ एडिटिंग करायचं तर कुठलं सॉफ्टवेअर?

प्रयोगवही
आम्ही तिघं मिळून शाळकरी मुलांसाठी विज्ञानाच्या प्रयोगांचे व्हिडिओ करतो. चित्रण फोनवर होतं, आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतो. आतापर्यंत एडिटिंग एकटा मीच करत होतो, पण काम वाढलंय आणि ते वाटून घ्यायचंय. अडचण अशी की तिघांची यंत्रं तीन तऱ्हांची. माझा विंडोजचा लॅपटॉप, ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. दुसऱ्याकडे एम१ चिपचा मॅक. तिसरी पक्की लिनक्सवाली, तिच्या डेस्कटॉपमध्ये एनव्हिडियाचं जुनं कार्ड आहे.

मी कच्चा कट लावायचा, मॅकवाल्याने आवाज आणि शीर्षकं बसवायची, तिसरीने शेवटचा हात फिरवून एक्सपोर्ट करायचं, अशी वाटणी ठरवतोय. म्हणजे एकच प्रोजेक्ट तिन्ही यंत्रांवर उघडायला हवा. शोधायला गेलं की ‘सर्वोत्तम दहा’ अशा याद्या मिळतात, पण आमच्यासारख्यांनी काय निवडावं ते त्यांत सापडत नाही. रोजच्या कामात हे वापरणाऱ्यांकडून ऐकायचंय.

रंगपेटी
दाविंची रिझॉल्व्ह घ्या. तिन्हींवर चालतं. फुकट आवृत्तीत ३८४० बाय २१६० आणि सेकंदाला ६० फ्रेमपर्यंत एक्सपोर्ट मिळतं, आणि सशुल्क स्टुडिओ आवृत्तीतले इफेक्ट वापरले नाहीत तर वॉटरमार्कही येत नाही. हे मुळात रंगकामाचं, म्हणजे चित्रणाचे रंग सुधारण्याचंच यंत्र. ब्लॅकमॅजिक डिझाइनने २००९ साली दाविंची सिस्टिम्स विकत घेतली, आणि पुढे त्यातच एडिटिंग, आवाज, इफेक्ट असं सगळं येत गेलं. आज एका छताखाली इतकं देणारं दुसरं फुकट सॉफ्टवेअर माझ्या पाहण्यात नाही.

पेंग्विनप्रेमी
रंगपेटी, रिझॉल्व्ह मलाही आवडतं, पण धागाकर्त्याची यंत्रं पाहून मग सांगू या.

लिनक्सवरची फुकट आवृत्ती एच.२६४ आणि एच.२६५ हे व्हिडिओ दाबून साठवायचे प्रकार वाचत नाही आणि लिहीतही नाही. फोनमधून निघणारं जवळपास सगळं चित्रण याच दोन प्रकारांत असतं. म्हणजे लिनक्सवाल्या ताईंनी फाइल ओढून टाइमलाइनवर, म्हणजे क्लिपा ओळीने लावायच्या पट्टीवर, टाकली की पडदा रिकामा. स्टुडिओ विकत घेतलं तर हा प्रश्न सुटतो, पण फोनच्या फायलींतला एएसी प्रकारातला आवाज लिनक्सवर त्यानंतरही बराच काळ अडत आलाय. उपाय आहे: एफएफएमपेग या फुकट साधनाने आधीच फायली डीएनएक्सएचआर (एडिटिंगला सोयीच्या, पण मोठ्या प्रकारातलं) चित्र आणि पीसीएम (न दाबलेल्या) आवाजात बदलून घ्यायच्या. चालतं हे, पण प्रत्येक चित्रणानंतर ही पायरी येते आणि डिस्क भराभर भरते. आणि ताईंनी एक्सपोर्ट केलेली फाइलही पुन्हा एच.२६४ मध्ये बदलावी लागेल, कारण ती सोय त्या आवृत्तीत नाही.

दुसरी गोष्ट, रिझॉल्व्ह ग्राफिक्स कार्डावर जगतं. किमान १६ जीबी रॅम धरा, त्यातला फ्यूजन हा इफेक्टचा भाग वापरायचा तर ३२. तुमच्या ८ जीबीच्या लॅपटॉपवर ते उघडेल, कदाचित दोन क्लिपही लागतील, पण त्यावर रोज काम करणं मला तरी शक्य वाटत नाही. तिघांच्या गटाला सर्वांत अशक्त यंत्राला पेलेल असंच सॉफ्टवेअर घ्यावं लागतं, आणि तुमच्या बाबतीत ते यंत्र विंडोजचं आहे.

तिसरी_घंटा
मॅकवाल्याला आयमूव्ही फुकट मिळतं आणि साध्या कामाला ते खरंच छान आहे. फायनल कट प्रो तर मॅकवर इतकं चपळ चालतं की एकदा हात बसला की दुसरीकडे जाववत नाही. पण ही दोन्ही ॲपलच्या बाहेर पाऊल टाकत नाहीत. विंडोज किंवा लिनक्सवर ती नाहीत आणि त्यांचा प्रोजेक्टही तिथे उघडत नाही. त्यामुळे तुमच्या कामातून बाद.

बाद म्हणून सोडून देण्याआधी एक आठवण ठेवा. २०११ च्या जूनमध्ये फायनल कट प्रो एक्स आलं तेव्हा त्यात आधीच्या फायनल कट ७ चे प्रोजेक्ट उघडत नव्हते. कंपनी तीच, मॅक तोच, नावही तेच, आणि तरी लोकांच्या वर्षानुवर्षांच्या टाइमलाइन मागे राहिल्या. अनेक व्यावसायिक तेव्हा ॲडोबीच्या प्रीमियरकडे किंवा ॲव्हिडच्या एडिटरकडे गेले. विंडोज मूव्ही मेकरचंही तसंच, १० जानेवारी २०१७ नंतर ते अधिकृतपणे मिळेनासं झालं. मुलांसाठीचे धडे पुढे कधी सुधारून पुन्हा काढावे लागणार, तेव्हा हा प्रोजेक्ट उघडेल का, हा प्रश्न आज विचारून ठेवा.

प्रयोगवही
फार उपयोगी माहिती, सगळ्यांचे आभार. एक शंका. प्रत्येकाने आपापल्या आवडीचं सॉफ्टवेअर वापरलं आणि टाइमलाइन एक्सएमएल (मजकुरातली नोंदीची फाइल) करून एकमेकांना पाठवली तर? असं करतात असं वाचलंय.

कातरकाम
करतात, पण कशासाठी करतात ते नीट पाहायला हवं. मी एडिटर म्हणून काम करतो आणि ही देवाणघेवाण माझ्या रोजच्या कामात असते, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

टाइमलाइन एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात न्यायचे चार-पाच मार्ग आहेत. सगळ्यांत जुनी ईडीएल: साधी मजकुराची फाइल, कुठली क्लिप कुठल्या टाइमकोडपासून (तास-मिनिट-सेकंद-फ्रेम) कुठपर्यंत, एवढंच त्यात. मग एएएफ, तिचा वापर आज मुख्यतः आवाजाच्या कामासाठी होतो. फायनल कट ७ चं एक्सएमएल, जे प्रीमियर आणि रिझॉल्व्ह अजून वाचतात. नव्या फायनल कटचं एफसीपीएक्सएमएल वेगळं. आणि पिक्सारमध्ये जन्मलेलं ओपनटाइमलाइनआयओ, जे मुक्त आहे आणि ज्याचा आधार हळूहळू वाढतोय. रिझॉल्व्ह आणि केडीएनलाइव्ह दोन्ही ते ओळखतात.

या सगळ्यांतून खात्रीने पलीकडे पोचतात ते कट. क्लिपचा क्रम, सुरुवात-शेवट, ट्रॅक, साधे डिझॉल्व्ह (एक चित्र विरत दुसरं येणं). शीर्षकं, रंगकाम, इफेक्ट, आवाजावरचे फिल्टर, वेगातले चढउतार यांतलं बरंचसं गळतं किंवा वेगळं होऊन पोचतं. कारण सरळ आहे: एका सॉफ्टवेअरमधला ‘ब्लर’ दुसऱ्याच्या ‘ब्लर’शी गणिताने जुळत नाही, मग फाइलमध्ये लिहून तरी काय पाठवणार?

म्हणून व्यवसायात ही देवाणघेवाण एका दिशेने होते. कट पक्का झाला, त्याला कुलूप लागलं, की तो रंगकामाला आणि आवाजाला जातो, आणि पुन्हा मागे येत नाही. तुम्ही सांगताय ते काम पुढेमागे फिरणारं आहे. आज तुम्ही कापलं, उद्या मॅकवाल्याने शीर्षक टाकलं, परवा तुम्हाला तिसऱ्या सेकंदाला दोन फ्रेम कमी करायच्यात. यासाठी एक्सएमएल नको. तिघांकडे एकच सॉफ्टवेअर आणि एकच आवृत्ती, याला पर्याय नाही.

तिन्हींवर तोच प्रोजेक्ट उघडणारी, फुकट, आणि तुमच्या लॅपटॉपला झेपतील अशी म्हणाल तर माझ्या मते केडीएनलाइव्ह आणि शॉटकट. दोन्ही मुक्त स्रोत, दोन्हींच्या पोटात एमएलटी हे एकच इंजिन, दोन्हींच्या प्रोजेक्ट फायली मजकुरातलं एक्सएमएल. इंजिन एक म्हणून एकाचा प्रोजेक्ट दुसऱ्यात नेईन असं मात्र धरू नका, ते भरवशाचं नाही. ओपनशॉट शिकायला सगळ्यांत सोपं, पण ट्रॅक वाढले की माझा त्यावरचा विश्वास कमी होतो. ब्लेंडरमध्येही व्हिडिओ एडिटर आहे, आणि त्याची फाइल तिन्हीकडे सारखीच उघडते. प्रयोगांच्या ॲनिमेशन आकृत्या करायच्या असतील तर त्याचा जरूर विचार करा. नुसतं कापकाम करायला मात्र तो अवजड आहे.

शॉटकट आणि केडीएनलाइव्ह यांत मी तुम्हाला केडीएनलाइव्ह सुचवीन, ते प्रॉक्सीसाठी. मूळ फाइल तशीच ठेवून तिची हलकी प्रत बनते, एडिटिंग त्या प्रतीवर होतं आणि एक्सपोर्टच्या वेळी मूळ फाइल वापरली जाते. शॉटकटमध्येही ही सोय आहे, पण केडीएनलाइव्हमध्ये क्लिपा, बिन (क्लिपा ठेवायची जागा) आणि अनेक सिक्वेन्स (एकाच प्रोजेक्टमधल्या वेगवेगळ्या टाइमलाइन) यांची व्यवस्था मोठ्या कामाला जास्त सोयीची वाटते.

रंगपेटी
कातरकाम, मुद्दा पटला. तरी रंगाच्या बाबतीत केडीएनलाइव्ह मागे आहे हे सांगितलंच पाहिजे. त्याचं रंगकाम बराच काळ ८ बिटांतच, म्हणजे रंगांच्या कमी छटांत, चालत आलंय. लॉगमध्ये (नंतर रंगकाम करायचं म्हणून फिकट ठेवलेल्या प्रोफाइलमध्ये) चित्रित केलेलं १० बिटांचं फुटेज त्यात ताणलं की आकाशात पट्टे दिसू लागतात.

कातरकाम
मान्य. फोनवर साध्या प्रोफाइलमध्ये चित्रण असेल तर तेवढं ताणायची वेळ येत नाही. आणि एखाद्या व्हिडिओला रंगकाम हवंच असेल तर कट पक्का झाल्यावर पूर्ण फिल्म डीएनएक्सएचआरमध्ये काढून मॅकवरच्या रिझॉल्व्हमध्ये न्यावी. मॅकला ते पेलेल. फिल्म काढताना शीर्षकांचा ट्रॅक बंद ठेवा, म्हणजे रंग बदलताना अक्षरं बदलणार नाहीत.

दोन_खिडक्या
इथे प्रीमियर कुणी सुचवलं नाही म्हणून लिहिते. विंडोज आणि मॅक असा दोघांचाच गट असता तर मी तेच सुचवलं असतं. एक प्रोजेक्ट दोन्हीकडे तंतोतंत उघडतो आणि आफ्टर इफेक्ट्स या ॲनिमेशन-इफेक्टच्या सॉफ्टवेअरशी त्याची जोडणी मला फार उपयोगी पडते. लिनक्सवर ते नाही, त्यामुळे इथे विषय संपतो. शिवाय २०१३ पासून ॲडोबी सदस्यत्वाच्या वाटेने गेली. सदस्यत्व थांबलं की सॉफ्टवेअर थांबतं आणि त्यातले जुने प्रोजेक्टही बंद कपाटात राहतात. ज्यांचं पोट एडिटिंगवर आहे त्यांना हा खर्च परवडतो. मुलांसाठी हौसेने काम करणाऱ्यांनी पूर्ण विचार करून त्यात शिरावं.

ध्वनिमुद्रक
तुम्ही आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेता असं लिहिलंय, म्हणून हा प्रतिसाद. सॉफ्टवेअर कुठलंही घ्या, फोनच्या चित्रणाचा फ्रेमरेट आधी तपासा.

बहुतेक फोन बदलत्या फ्रेमरेटने चित्रण करतात. उजेड कमी झाला किंवा फोन तापला की फ्रेम विरळ होतात. फाइलवर ३० लिहिलेलं असतं, आत कधी ३०, कधी २७, कधी २४. एडिटिंग सॉफ्टवेअरची टाइमलाइन मात्र ठरावीक अंतराच्या चौकटींची असते. त्यामुळे सुरुवातीला वाजवलेल्या टाळीचं चित्र आणि आवाज नीट जुळतात, आणि दहा मिनिटांनी ओठ पुढे, शब्द मागे. मग लोक सॉफ्टवेअर बदलतात, पण दोष फाइलमध्ये असतो.

हँडब्रेक या फाइल बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये व्हिडिओच्या खाली कॉन्स्टंट फ्रेमरेट निवडून फाइल पुन्हा काढा, की प्रश्न मिटतो. हेही तिन्हींवर चालतं. केडीएनलाइव्ह अशी क्लिप आत घेताना स्वतःच इशारा देतं आणि एडिटिंगला सोयीच्या प्रकारात बदलून देऊ का असं विचारतं. तिथे हो म्हणा. फोनवर फ्रेमरेट पक्का धरून ठेवणारं कॅमेरा ॲप मिळालं तर त्याहून बरं.

प्रयोगवही
ध्वनिमुद्रक, आमची लांबलचक चित्रणं शेवटी शेवटी बिघडतात याचं कारण आता कळलं! अजून एक विचारतो. माझ्या लॅपटॉपवर चित्रपट विनासायास चालतात, मग तीच फाइल टाइमलाइनवर टाकली की अडखळते का?

कातरकाम
कारण एच.२६४ आणि एच.२६५ हे प्रकार पाहण्यासाठी केलेले आहेत, कापण्यासाठी नाहीत. त्यांत प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. अधूनमधून एक पूर्ण चित्र, आणि मधल्या फ्रेममध्ये फक्त आधीच्या-नंतरच्या चित्रांहून काय बदललं त्याची नोंद. सरळ पाहताना हा हिशोब पुढे पुढे होत जातो. तुम्ही टाइमलाइनवर मध्येच उडी मारली की यंत्राला मागच्या पूर्ण चित्रापर्यंत जाऊन तिथून सगळा हिशोब पुन्हा करावा लागतो. उलटं चालवलं की आणखी हाल.

प्रोरेस आणि डीएनएक्सएचआर या एडिटिंगसाठीच्या प्रकारांत प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते, म्हणून त्या फायली चटकन हलतात. किंमत मोजावी लागते ती जागेत. १९२० बाय १०८० चं, ३० च्या आसपास फ्रेमचं प्रोरेस ४२२ सेकंदाला साधारण १४७ मेगाबिट खातं, म्हणजे तासाला ६६ जीबीच्या घरात. म्हणून सगळंच बदलण्यापेक्षा प्रॉक्सी बरी.

यंत्राचा भागही आहे. आजकालच्या चिपांत हे प्रकार उलगडायला वेगळी यंत्रणा असते. एम१ मध्ये ती चांगली आहे, म्हणून तोच मॅक लोण्यासारखा चालतो. इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्समध्येही क्विक सिंक असतं आणि ते कमी लेखू नये. पण ही यंत्रणा वापरायची की नाही ते सॉफ्टवेअर ठरवतं, आणि मुक्त स्रोत एडिटर त्यात अजून मागे आहेत. प्रॉक्सी लावली की या भानगडीतून सुटका.

अक्षरवेडी
मराठी शीर्षकांबद्दल कुणी बोललं नाही. मला हाच सगळ्यांत मोठा निकष वाटतो. मुलं ती अक्षरं पडद्यावर वाचणार आहेत, ती मोडकी दिसता कामा नयेत.

देवनागरी पडद्यावर उमटवताना सॉफ्टवेअरला जोडाक्षरं बांधावी लागतात, ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी आणावी लागते, रफार पुढच्या अक्षरावर चढवावा लागतो. ज्याला हे येत नाही तिथे ‘शक्ती’तला हलन्त उघडा पडतो. केडीएनलाइव्ह आणि शॉटकट ही क्यूटी या तयार सॉफ्टवेअर-चौकटीवर उभी आहेत, आणि त्यांच्या शीर्षकांत माझी जोडाक्षरं नीट येतात. प्रीमियरमध्ये प्रेफरन्सेसमध्ये ग्राफिक्सखाली दक्षिण आशियाई लिप्यांचं टेक्स्ट इंजिन निवडावं लागतं, नाहीतर अक्षरं फुटतात. रिझॉल्व्हमध्ये साधं टेक्स्ट आणि टेक्स्ट प्लस ही दोन वेगळी हत्यारं आहेत. दोन्ही तपासा, आणि आवृत्ती बदलली की पुन्हा तपासा.

तपासायला एक ओळ देते: ‘दुसऱ्या सूर्यकिरणाची क्षितिजावरील शक्ती, ज्ञान, ॲसिड, वाऱ्याचा दाब’. यात ऱ्य आहे, रफार आहे, क्ष-ज्ञ आहेत, वेलांट्या आहेत आणि ॲ आहे. ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्यामुळे जुन्या फॉन्टमध्ये तिथे चौकोन दिसतो. ऱ्य तर खास आपला. हिंदी डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या फॉन्टमध्ये तो पाहिल्याशिवाय विश्वास ठेवू नका.

आता तीन यंत्रांचा प्रश्न. मॅकवर कोहिनूर देवनागरी आधीपासून असतो, विंडोजवर निर्मला यूआय. मॅकवाला कोहिनूरमध्ये शीर्षक बसवेल, आणि लिनक्सवर प्रोजेक्ट उघडताच तिथला भलताच फॉन्ट त्याची जागा घेईल. ओळी लांबतील, चौकटीबाहेर जातील. म्हणून ‘नोटो सॅन्स देवनागरी’ किंवा ‘मुक्त’ (Mukta) यांपैकी खुल्या परवान्याचा एकच फॉन्ट तिघांनीही बसवा, आणि त्याची फाइल प्रोजेक्टच्या फोल्डरमध्येच ठेवा.

फारच अडलं तर इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये शीर्षक करून पारदर्शक पार्श्वभूमीचं पीएनजी चित्र काढा आणि क्लिपसारखं वर ठेवा. हे कुठल्याही एडिटरमध्ये सारखंच दिसतं. इंकस्केपची मूळ एसव्हीजी फाइल मात्र जपून ठेवा, शुद्धलेखनाची दुरुस्ती निघतेच.

प्रयोगवही
अक्षरवेडीताई, तुमची ओळ आजच तिघांच्या यंत्रांवर टाकून पाहिली. केडीएनलाइव्हमध्ये तिन्हीकडे स्वच्छ आली. कातरकाम यांनी सांगितल्याप्रमाणे प्रॉक्सीही लावली, आणि माझ्या लॅपटॉपवर कट करताना हात अडत नाही. मॅकवर ते मधूनमधून कुरकुरतं, पण आवाज आणि शीर्षकं तिथे होतील असं वाटतं. आम्ही यावरच काम सुरू करतोय.

डिस्क मात्र फिरवावी लागणार, इंटरनेटवरून एवढ्या फायली पाठवणं जमणार नाही. माझ्या डिस्कवर मॅकला काही लिहिताच येत नाहीये.

पेंग्विनप्रेमी
तुमची डिस्क एनटीएफएस या विंडोजच्या फॉरमॅटची असणार. मॅक ती वाचतो, लिहीत नाही. मॅकची एपीएफएस असती तर विंडोजने वाचलीही नसती. एफएटी३२ सगळीकडे चालते, पण तिच्यात ४ जीबीहून मोठी फाइल बसत नाही, म्हणजे व्हिडिओला निरुपयोगी. तुमच्यासाठी एक्सफॅट. विंडोज आणि मॅक दोन्ही ती लिहितात-वाचतात, आणि लिनक्सच्या कर्नलमध्ये (गाभ्यात) तिचा आधार २०१९ च्या ५.४ आवृत्तीपासून आहे. फॉरमॅट करण्याआधी आतलं सगळं दुसरीकडे उतरवून घ्या. एक्सफॅटमध्ये जर्नल (चालू बदलांची नोंदवही) नसतं, त्यामुळे इजेक्ट न करता डिस्क ओढली तर लिहिणं चालू असलेल्या फायली जाऊ शकतात. मूळ चित्रणाची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर हवीच.

फायलींची नावं रोमन अक्षरं, आकडे आणि अधोरेषा यांतच ठेवा. प्रश्नचिन्ह आणि अपूर्णविराम लिनक्सवर चालतात, विंडोजवर नाहीत. लिनक्स लहान-मोठ्या लिपीतली नावं वेगळी मानतं, बाकीची दोन सहसा मानत नाहीत. म्हणून सगळं लहान लिपीत.

केडीएनलाइव्हच्या सेटिंगमध्ये प्रोजेक्ट फाइल जिथे आहे तेच फोल्डर प्रोजेक्टचं फोल्डर म्हणून निवडता येतं. ते केलंत की प्रॉक्सीही डिस्कसोबत फिरतील आणि प्रत्येकाला त्या नव्याने बनवाव्या लागणार नाहीत. क्लिपा सापडल्या नाहीत तर उघडतानाच केडीएनलाइव्ह कुठे शोधू असं विचारतं, तिथे डिस्कवरचं मूळ फोल्डर दाखवा. आणि ताईंचं लिनक्स पॅकेज अपडेट करता करता केडीएनलाइव्हची नवी आवृत्ती आणेल, तिच्यात साठवलेला प्रोजेक्ट तुमच्या जुन्या आवृत्तीत उघडेलच असं नाही. त्यांना ॲपइमेज (एकाच फाइलमधलं पूर्ण सॉफ्टवेअर) घ्यायला सांगा, ती एकाच आवृत्तीवर थांबवून ठेवता येते. एखादा धडा पूर्ण होईपर्यंत तिघांनीही आवृत्ती हलवू नका.